उत्तर बरोबर, पायरी खोटी

चौथीतल्या एका मुलीच्या वहीत हे उदाहरण होतं. दुकानात २५ नारळ होते, आणखी १७ आले, त्यातले ८ विकले गेले, तर उरले किती? तिनं एका ओळीत लिहिलं होतं :

२५ + १७ = ४२ − ८ = ३४

उत्तर बरोबर होतं आणि शेजारी लाल शाईची खूणही होती. पण ती ओळ सुरुवातीपासून वाचून पाहा. २५ आणि १७ मिळून ३४ होतात, असं ती म्हणते. तसे ते होत नाहीत. मुलीनं विचार बरोबर केला, बेरीज आणि वजाबाकीही नीट केली, आणि तरी कागदावर असत्य विधान लिहिलं. ते कुणाला खटकलं नाही, कारण गणितातली पायरी हे एक वाक्य असतं आणि ते खरं असावं लागतं, ही गोष्टच आपण मुलांना सांगत नाही.

शाळेतल्या गणिताबद्दलचे बहुतेक गैरसमज मला याच ठिकाणी उगवताना दिसतात. कधीकाळी कारणासकट सांगितलेली एखादी रीत असते. कारण गळून पडतं, रीत उरते आणि मूल ती मंत्रासारखी म्हणत राहतं. घराघरांत रोज ऐकू येणारे असे काही समज इथे घेतो आहे.

गैरसमज : पायऱ्या मार्कांसाठी लिहायच्या असतात, ज्याला गणित येतं त्याला त्यांची गरज नसते.

परीक्षेत पायऱ्यांना गुण असतात हे खरं आहे. पण पायऱ्या त्यासाठी जन्माला आल्या नाहीत. माणसाच्या डोक्यात एका वेळी मोजक्याच गोष्टी धरून ठेवता येतात. पायरी लिहिली की त्यातली एक कागदावर उतरते आणि डोकं पुढच्या कामाला मोकळं होतं. शिवाय चूक झालीच तर ती कुठे झाली ते सापडतं. नुसतं चुकीचं उत्तर पाहून कुणालाच काही कळत नाही, मुलालाही नाही आणि शिकवणाऱ्यालाही नाही.

मघाच्या उदाहरणात दोन ओळी हव्या होत्या. २५ + १७ = ४२ ही एक, आणि तिच्याखाली ४२ − ८ = ३४ ही दुसरी. दोन्ही खऱ्या. गोंधळ त्या ‘=’ चिन्हाचा आहे. वेल्सच्या रॉबर्ट रेकॉर्ड या गणितज्ञानं १५५७ साली ते आपल्या पुस्तकात वापरलं. सारख्या लांबीच्या दोन समांतर रेषांपेक्षा अधिक समान काय असणार, हा त्यामागचा विचार होता. म्हणजे ‘डावीकडचं आणि उजवीकडचं एकच’ असं ते चिन्ह सांगतं. आपली मुलं मात्र ते ‘आता उत्तर लिही’ या अर्थानं वाचतात.

आपलीच नव्हे, इतर देशांतली मुलंही असं वाचतात. ८ + ४ = □ + ५ या चौकटीत काय येईल, हा प्रश्न अमेरिकेत प्राथमिक शाळेतल्या मुलांना विचारला गेला. १९९९ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, आणि अगदी सहावीपर्यंतची मुलं १२ किंवा १७ लिहीत होती. बरोबर उत्तर ७ आहे, कारण डावीकडे १२ आहेत आणि उजवीकडेही १२ व्हायला हवेत. हा प्रश्न आपल्या घरातल्या मुलाला जरूर विचारा. १२ असं उत्तर आलं तर रागावू नका. त्याला बेरीज येते, चिन्हाचा अर्थ तेवढा सांगायचा राहिला आहे.

गैरसमज : शाब्दिक उदाहरणातला ठरावीक शब्द हेरला की काय करायचं ते कळतं.

‘एकूण’ दिसलं की बेरीज, ‘उरले’ दिसलं की वजाबाकी, ‘प्रत्येकी’ दिसलं की भागाकार. शिकवण्यांच्या वर्गात ही यादी भिंतीवर लावलेली असते. पहिली-दुसरीच्या उदाहरणांना ती पुरते, म्हणून तिच्यावर विश्वास बसतो. मग असं उदाहरण येतं : सीमाकडे १५ चिंचोके आहेत. ते मीनाच्या चिंचोक्यांपेक्षा ६ ने जास्त आहेत. मीनाकडे किती? ‘जास्त’ हा शब्द हेरणारं मूल २१ सांगतं. मीनाकडे ९ चिंचोके आहेत.

शब्द हेरायची सवय किती खोल जाते, हे १९८० च्या सुमारास फ्रान्समधल्या ग्रनोब्ल शहरात दिसलं. तिथल्या शिक्षक-संशोधकांनी लहान मुलांना विचारलं : एका जहाजावर २६ मेंढ्या आणि १० बकऱ्या आहेत, तर कप्तानाचं वय किती? ९७ मुलांपैकी ७६ जणांनी दिलेल्या आकड्यांची काहीतरी जुळवाजुळव करून उत्तर दिलं. मेंढ्यांचा कप्तानाच्या वयाशी काय संबंध, असा प्रश्न त्यांनी केला नाही. ती मुलं मंद नव्हती. गणिताच्या तासाला प्रश्न विचारायचा नसतो, उत्तर द्यायचं असतं, हे ती शिकली होती.

मोठ्या मुलांचं काय होतं, तेही पाहण्याजोगं आहे. अमेरिकेतल्या एका राष्ट्रीय चाचणीत, जिचे निष्कर्ष १९८३ साली प्रसिद्ध झाले, १३ वर्षांच्या मुलांना एक उदाहरण होतं. एका बसमध्ये ३६ सैनिक बसतात, १,१२८ सैनिकांना न्यायचं आहे, बस किती लागतील? भागाकार ३१ आणि बाकी १२. सुमारे ७० टक्के मुलांनी भागाकार अचूक केला. पण त्यातल्या कित्येकांनी ‘३१ बस, बाकी १२’ असं लिहून टाकलं. बरोबर उत्तर, म्हणजे ३२, लिहिणारी मुलं २३ टक्केच होती. राहिलेले १२ सैनिक काय रस्त्यावर उभे राहणार? आकडेमोडीत सगळं बिनचूक होतं. चुकला तो शेवटचा विचार, उत्तर पुन्हा गोष्टीत नेऊन ठेवण्याचा.

म्हणूनच वजाबाकी की भागाकार हे ठरवण्याआधी मुलानं उदाहरण आपल्या शब्दांत सांगावं. काय दिलं आहे, काय विचारलं आहे, चित्र काढता येईल का? जॉर्ज पोल्या या हंगेरियन गणितज्ञानं १९४५ साली ‘हाउ टु सॉल्व्ह इट’ या पुस्तकात चार टप्पे सांगितले : प्रश्न समजून घेणं, योजना ठरवणं, ती पार पाडणं आणि मागे वळून पाहणं. आपल्या वह्यांत तिसरा टप्पा तेवढा दिसतो. पहिला टप्पा घाईत बुडतो आणि चौथ्यासाठी आपल्याकडे ‘पडताळा’ हा सुंदर शब्द असूनही तो वहीत क्वचितच उमटतो.

गैरसमज : आकडे उलटे लिहिणारं मूल धांदरट असतं.

‘सत्तावीस’ म्हटलं की काही मुलं ७२ लिहितात. आपण म्हणतो, लक्ष नाही. खरं म्हणजे त्या मुलाचं लक्ष आहे. त्यानं आधी ‘सत्ता’ ऐकलं, नंतर ‘वीस’, आणि ऐकलं त्या क्रमानं लिहिलं. मराठीत आपण एकक आधी बोलतो आणि दशक आधी लिहितो. जर्मन भाषेतही अशीच अडचण आहे. कानडीत मात्र आधी वीस आणि मग एक, असाच क्रम बोलतात.

त्यात ‘एकोणतीस’, ‘एकोणपन्नास’ ही आणखी वेगळी जात. एकोणपन्नास म्हणजे एकानं उणे पन्नास. ज्या मुलाला अजून वजाबाकी नीट येत नाही, त्याला आकड्याच्या नावातच वजाबाकी भेटते. शिवाय ८९ ला एकोणनव्वद म्हणायचं आणि ९९ ला नव्व्याण्णव, म्हणजे नियमही शेवटपर्यंत टिकत नाही.

बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात २०१९ साली ‘वीस एक’, ‘वीस दोन’ असं वाचन दिलं, तेव्हा मोठा वाद झाला. गणित समितीच्या प्रमुख डॉ. मंगला नारळीकर होत्या. जोडाक्षरं असलेली नावं लहान मुलांना अवघड जातात, हे त्यांचं म्हणणं होतं. मराठीची जुनी नावं जावीत असं मलाही वाटत नाही, ती आपल्या भाषेची संपत्ती आहे. पण मूल पहिल्यांदा संख्या लिहायला शिकतं तेव्हा ‘वीस आणि सात, सत्तावीस’ असं दोन्ही म्हणायला काय हरकत आहे? दोन वर्षं हे केलं तर पुढचे किती धपाटे वाचतील.

गैरसमज : वजाबाकीची पुस्तकातली रीत तेवढी खरी, मनातल्या मनात केलेलं म्हणजे फसवेगिरी.

५०३ मधून २६८ वजा करा. इथे हमखास भेटणारं चुकीचं उत्तर ३६५ आहे. मूल प्रत्येक घरात मोठ्यातून लहान आकडा काढतं : ८ मधून ३, ६ मधून शून्य, ५ मधून २. ‘उसना घे’ असं सांगून हे सुटत नाही, कारण शेजारच्या घरात शून्य आहे, उसनं घ्यायचं कुणाकडून? शिवाय ‘उसना’ म्हटलं की परत द्यायचं असतं, आणि इथे काही परत दिलं जात नाही.

प्रत्यक्षात होतं ते असं. ५ शतकांतलं एक शतक मोडून त्याचे १० दशक केले. त्या दहांतला एक दशक मोडून १० एकक केले. आता हातात ४ शतक, ९ दशक आणि १३ एकक आहेत. रक्कम तीच, ५०३. शंभराची नोट मोडून दहाच्या नोटा आणि सुटी नाणी घेतली म्हणून खिशातले पैसे कमी होत नाहीत. मग १३ मधून ८ गेले ५, ९ मधून ६ गेले ३, ४ मधून २ गेले २. उत्तर २३५.

आणि किराणा दुकानदार काय करतो? तो २६८ वरून चढत जातो. २ दिले, २७० झाले. ३० दिले, ३०० झाले. २०३ दिले, ५०३ झाले. २ + ३० + २०३ म्हणजे २३५. ही वजाबाकीच आहे आणि ती पूर्ण गणिती आहे. ज्या मुलाला दोन्ही रिती येतात त्याच्या हातात पडताळाही आपोआप येतो. ३६५ आलं असतं तर त्यात २६८ मिळवून पाहायचं. ६३३ येतात, ५०३ नाही, म्हणजे कुठेतरी घोटाळा आहे.

गैरसमज : ‘कंचेभागुबेव’मध्ये जे आधी ते आधी.

कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. हा शब्द पाठ नसलेला मराठी माध्यमाचा माणूस सापडणं कठीण. त्यातला अर्धा भाग मात्र नीट सांगितला जात नाही. भागाकार आणि गुणाकार एकाच मानाचे आहेत, बेरीज आणि वजाबाकीही एकाच मानाच्या. समान मानाच्या क्रिया डावीकडून उजवीकडे, समोर येतील तशा करायच्या.

गंमत अशी की आपल्या शब्दातला ‘भागु’ हा क्रम अक्षरशः पाळला तरी बिघडत नाही. १२ × ६ ÷ ३ घ्या. आधी गुणा, ७२ भागिले ३, चोवीस. आधी भागा, १२ गुणिले २, चोवीसच. दगा देतो तो ‘बेव’. १० − ३ + २ मध्ये बेरीज आधी केली तर १० मधून ५ जाऊन ५ उरतात. पण बसमध्ये १० माणसं होती, ३ उतरली, २ चढली, तर आत किती? ९. या एका बसनं वर्गातला गोंधळ कायमचा मिटतो.

आणि गुणाकार बेरजेच्या आधी का? १५ रुपयांचं पेन आणि २० रुपयांच्या ३ वह्या घेतल्या. १५ + ३ × २०. दुकानदार ७५ रुपये मागतो, ३६० नाही. गुणाकार आधी, हा कोणत्या क्रमानं वाचायचं याचा सर्वांनी मान्य केलेला संकेत आहे, आणि कंस घातला की हवा तो क्रम लावता येतो. मुलांना शंका असेल तिथे बेधडक कंस वापरू द्यावेत.

गैरसमज : गुणलं की वाढतं, भागलं की कमी होतं.

पूर्ण संख्यांपुरतं हे बहुतेक वेळा दिसतं, म्हणून ते मनात घट्ट बसतं आणि अपूर्णांक आले की मूल अडखळतं. ६ भागिले अर्धा बरोबर १२ हे त्याला पटत नाही. कापडाच्या दुकानात नेऊन विचारा : ६ मीटर कापडातून अर्ध्या मीटरचे तुकडे किती निघतील? बारा, असं ते लगेच सांगेल. भागाकार म्हणजे ‘यात ते किती वेळा मावतं’ हा प्रश्नही असतो, वाटून देणं हा त्याचा एकच अर्थ नाही.

आपल्या आजोबांच्या पिढीला हे शिकवावं लागलं नाही. त्यांनी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी पाठ केली होती. पावकीत विसाची पाव पाच. म्हणजे वीसला पावानं गुणलं आणि ते घटलं, हे पाचवीच्या आत तोंडात बसलेलं. रुपयाचे १६ आणे, आण्याचे ४ पैसे असा व्यवहार होता तेव्हा ती गरजच होती. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली आणि हळूहळू हे पाढे गेले. जाणं स्वाभाविक होतं, पण त्यांच्याबरोबर अपूर्णांकाची ओळखही दुरावली याचं मला वाईट वाटतं. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा, हे आज किती शिक्षकांना सांगता येईल?

याच घरातले दोन भाऊ : ०.३५ हे ०.४ पेक्षा मोठं, कारण ३५ हे ४ पेक्षा मोठे. आणि दहानं गुणायचं तर शेवटी शून्य लावा. ०.४ म्हणजे ०.४०, रुपयातले ४० पैसे, तेव्हा ते ३५ पैशांपेक्षा जास्त. आणि २.५ ला शून्य लावलं तर २.५० होतं, पंचवीस नाही. शेकडेवारीतही असाच एक समज आहे, की २० टक्के वाढवून २० टक्के कमी केलं की मूळ किंमत येते. ५०० चे ६०० होतात, आणि ६०० चे २० टक्के म्हणजे १२०, ते गेले की ४८० राहतात. दुसऱ्या वेळी टक्के काढले ते वेगळ्या रकमेचे.

गैरसमज : तीन आकडे दिले, चौथा विचारला, की त्रैराशिक लावायचं.

४ गवंडी एक भिंत ६ दिवसांत बांधतात, तर ८ गवंडी किती दिवसांत? त्रैराशिकाच्या सरावानं १२ येतात. माणसं वाढली आणि काम लांबलं? एका गवंड्याचं एका दिवसाचं काम धरलं तर भिंतीला २४ दिवसांची मजुरी लागते, ती आठांत वाटली की ३ दिवस. हे व्यस्त प्रमाण. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमाराच्या ‘लीलावती’त त्रैराशिकाबरोबर व्यस्त त्रैराशिकही सांगितलं आणि ते कुठे लावायचं हेही बजावलं. धान्याची रास मोठ्या मापानं मोजली की मापांची संख्या कमी भरते, ही त्यातलीच एक जागा. म्हणजे रीत आणि ती लावायची जागा, दोन्ही एकत्र शिकवण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे.

काही ठिकाणी दोन्ही प्रमाणं लागत नाहीत. दोरीवर एक सदरा वाळायला २ तास लागतात, तर ५ सदरे वाळायला किती? दोनच तास. असं एखादं उदाहरण मुद्दाम मध्ये घालावं, म्हणजे मूल रीत लावण्याआधी थांबतं.

गैरसमज : पलीकडे नेलं की चिन्ह बदलतं.

बीजगणितातलं हे सगळ्यात महाग पडणारं वाक्य आहे. क्ष + ७ = १५ मध्ये ते चालून जातं : क्ष = १५ − ७, म्हणजे ८. मग ३क्ष = १२ येतं आणि मूल ३ पलीकडे नेऊन क्ष = १२ − ३ = ९ लिहितं. दुसरं एखादं मूल १२ ला उणे ३ नं भागतं, कारण चिन्ह बदलायचं असतं ना!

पलीकडे काहीच जात नाही. समीकरण हा तराजू आहे. दोन्ही पारड्यांतून ७ काढले की तोल राहतो, म्हणून क्ष + ७ − ७ = १५ − ७. ३क्ष = १२ मध्ये दोन्ही पारडी ३ नं भागली की तोल राहतो, म्हणून क्ष = ४. पहिले काही महिने ही मधली ओळ लिहायलाच लावावी, कितीही लांबट वाटली तरी. आणि शेवटी पडताळा : ३ × ४ = १२. नऊ ठेवून पाहिले असते तर २७ आले असते आणि मुलानं आपली चूक आपणच पकडली असती.

शेवटी पाढे. त्यांच्याबद्दल दोन टोकांची मतं ऐकू येतात. एक म्हणतं, पाढे पाठ झाले की गणित आलं. दुसरं म्हणतं, मोबाइलच्या काळात पाढे कशाला? पाढे पाठ हवेत, किमान दहापर्यंतचे तरी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. सात आठे किती हे शोधण्यात अडकलेल्या डोक्याला पुढच्या पायरीचा विचार करता येत नाही. पण पाढे ही शिदोरी आहे, प्रवास वेगळा करावा लागतो. तीच गोष्ट वेगाची. झटपट उत्तर देणारं मूल हुशार आणि सावकाश करणारं कच्चं, ही पारख साफ चुकीची आहे. शिकणारं मूल पहिल्यांदा सावकाशच करणार.

आज संध्याकाळी मुलाची गणिताची वही उघडाल तेव्हा चुकीच्या खुणांकडे आधी जाऊ नका. बरोबर आलेल्या एका उदाहरणावर बोट ठेवा आणि विचारा, ‘ही ओळ तू का लिहिलीस?’ उत्तर यायला वेळ लागला तर थांबा, मध्ये बोलू नका.